वेगळे करायचे तर आधी फरक शोधा

७ ग्रॅम लोहकीस आणि ४ ग्रॅम गंधकाची पूड खलात एकत्र खलली की राखाडी पिवळट भुकटी तयार होते. नुसत्या डोळ्यांना ती एकजीव वाटते. भिंगातून पाहिले की काळे कण वेगळे आणि पिवळे कण वेगळे दिसतात. लोहचुंबक फिरवला की लोह उडी मारून त्याला चिकटते. चिमूटभर भुकटी पाण्यात टाकली तर लोह तळाशी जाते आणि गंधकाची बरीचशी पूड वर तरंगत राहते. गंधक पाण्यापेक्षा दुपटीने जड असते, पण बारीक पूड सहजासहजी भिजत नाही, म्हणून ती बुडत नाही.

आता याच भुकटीतली दोनेक ग्रॅम जाड काचेच्या परीक्षानळीत घेऊन तळाशी तापवली तर गंधक आधी वितळते (त्याला ११५ अंश सेल्सिअस पुरतात) आणि मग एका जागी लाल निखारा दिसू लागतो. बर्नर बाजूला केला तरी तो निखारा आपोआप वर सरकत जातो. थंड झाल्यावर हाती काळा, ठिसूळ गोळा येतो. तो कुटून त्यावर चुंबक फिरवला तर काही हलत नाही. पाण्यात टाकला तर सगळा तळाशी बसतो. भिंगातून कितीही पाहिले तरी पिवळा कण सापडत नाही.

लोह गेले कुठे? कुठेच नाही. ११ ग्रॅममध्ये ७ ग्रॅम लोह अजून आहेच, पण आता ते ‘लोहासारखे’ वागत नाही. लोह आणि गंधक मिळून आयर्न सल्फाइड हे संयुग झाले आणि त्याचे गुणधर्म त्याचे स्वतःचे आहेत. मिश्रणे वेगळी करण्याच्या गाळणे, निवळणे, उकळणे, चुंबक अशा सगळ्या रीती एकाच गोष्टीवर चालतात: घटकांच्या कुठल्या ना कुठल्या गुणधर्मात फरक असला पाहिजे. मिश्रणात प्रत्येक घटक आपापले गुणधर्म राखून असतो, म्हणून तो फरक हाती लागतो. संयुग झाले की तो फरकच उरत नाही आणि मग चुंबक, चाळणी, गाळणकागद सगळे निकामी ठरते.

आणखी एक खूण प्रमाणाची. मिश्रण कितीस कितीही करता येते. संयुगाचे तसे नाही: या आयर्न सल्फाइडमध्ये लोह आणि गंधक ७ ला ४ याच वजनी प्रमाणात जुळतात. १० ग्रॅम लोहाला ४ ग्रॅम गंधक दिले तर ३ ग्रॅम लोह तसेच उरते. हा ठरावीक प्रमाणाचा नियम फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रूस्त याने अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडला.

वर्गात हा प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा याच प्रमाणामुळे. तापवताना काही गंधक वाफ होऊन निघून जाते, लोह जास्त उरते, आणि ‘चुंबक चिकटणार नाही’ असे सांगून झाल्यावर गोळा टुणकन चिकटतो. शिक्षकाची पंचाईत होते, पण चूक रसायनशास्त्राची नसते. नळीच्या तोंडाशी खनिज लोकरीचा बोळा बसवला की वाफ आत राहते आणि बाहेर पेट घेत नाही. गंधक जळले तर सल्फर डायऑक्साइड तयार होतो, जो घसा आणि श्वासनलिका जाळतो. आयर्न सल्फाइडवर आम्ल टाकून सडक्या अंड्याचा वास दाखवण्याचा मोह मात्र टाळावा. तो हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे आणि जास्त प्रमाणात असेल तर नाक बधिर करतो, त्यामुळे वास थांबला म्हणजे वायू गेला असे समजता येत नाही.

क्रम चुकला की काम वाढते

आता चार घटकांचे मिश्रण घेऊ: लोहकीस ५ ग्रॅम, वाळू १० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम आणि लाकडाचा भुसा २ ग्रॅम. प्रत्येकाचा एकेक वेगळेपणा आहे. लोह चुंबकाला चिकटते, भुसा पाण्यावर तरंगतो, मीठ विरघळते, वाळू यातले काहीच करत नाही. कामाचा आराखडा इथेच तयार झाला. फक्त क्रम ठरवायचा राहिला.

पहिला मान चुंबकाचा, आणि तोही सगळे कोरडे असताना. आधी पाणी ओतले तर ओले लोहकण वाळूला चिकटतात आणि खारट पाण्यात लोह लवकर गंजते. चुंबकाला पातळ प्लास्टिकची पिशवी घालावी. लोह गोळा झाले की चुंबक पिशवीतून ओढून काढायचा, कीस आपसूक खाली पडतो. पिशवी न घालता उघडा चुंबक वापरला तर तो कीस खरवडून काढण्यात तास जातो. मिश्रण कागदावर पातळ पसरून चुंबक दोनतीनदा फिरवावा, कारण लोहाच्या झुपक्यात भुशाचे आणि वाळूचे कण अडकून येतात. ते लोह दुसऱ्या कागदावर पसरून पुन्हा उचलले की साफ होते. वाळूतलेच काही काळे कण चुंबकाला लागले तर गोंधळू नये. बऱ्याच वाळूत मॅग्नेटाइट नावाचे लोहाचे खनिज असते आणि ते खरोखरच चुंबकीय आहे.

उरलेल्यात ५० मिलीलीटर पाणी घालून काचेच्या कांडीने ढवळावे. खोलीच्या तापमानाला १०० मिलीलीटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते, म्हणजे १० ग्रॅमला २८ मिलीलीटर पुरले असते. पण काठावरचे पाणी घेतले तर शेवटचे खडे विरघळायला फार वेळ लागतो. उलट २०० मिलीलीटर घेतले तर पुढे तेवढे सगळे आटवत बसावे लागते. भुसा वर येताच लगेच बारीक जाळीने काढून घ्यावा. रेंगाळलात तर तो पाणी पितो आणि बुडतो. शिवाय लाकडातली रंगद्रव्ये पाण्यात उतरतात आणि शेवटी मीठ पिवळसर निघते. तसे झालेच तर आटवण्याआधी पाण्यात चमचाभर सक्रिय कोळशाची पूड ढवळावी, रंग तिच्या पृष्ठभागावर धरला जातो. पण वाळू असतानाच टाकली तर ती पूड वाळूत मिसळते, म्हणून हा उपाय वाळू आधी काढून घेतल्यावरच करायचा आणि पाणी पुन्हा एकदा गाळायचे.

त्यानंतर वाळू गाळून घ्यायची. गाळणकागद दोनदा दुमडून शंकू करावा, एका बाजूला तीन पदर आणि दुसऱ्या बाजूला एक. नरसाळ्यात बसवून त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले की तो काचेला चिकटतो. ओतताना आधी निवळलेले पाणी कांडीच्या आधाराने ओतावे आणि वाळू शेवटी. सुरुवातीलाच वाळू ओतली तर कागदाची छिद्रे बुजतात आणि थेंब थेंब टपकत राहते. पातळी कागदाच्या काठाखाली बोटभर असावी. ती काठावरून गेली तर पाणी कागद आणि काच यांच्यामधून न गाळताच खाली उतरते. नरसाळ्याची नळी खालच्या चंचुपात्राच्या भिंतीला टेकवली की धार अखंड राहते, उडत नाही, आणि गाळणे जलदही होते.

वाळू मागे राहिली, पण ती ओली आहे आणि तिच्यातले ओलेपण म्हणजे मिठाचे पाणी. समजा, वाळूत ४ मिलीलीटर पाणी अडकले. ५० मिलीलीटरमध्ये १० ग्रॅम मीठ, म्हणजे या ४ मिलीलीटरमध्ये ०.८ ग्रॅम. ते मिळवायला वाळू धुवायची. १० मिलीलीटर साधे पाणी एकदम घालून गाळले तर वाळूत साधारण ०.२३ ग्रॅम मीठ उरते. तेच १० मिलीलीटर पाच-पाच करून दोनदा घातले तर ०.१६ ग्रॅम. पाणी तेवढेच, मीठ जास्त सुटते. प्रयोगशाळेत कुठलाही साका धुताना ‘थोडे थोडे, अनेकदा’ म्हणतात ते या हिशेबामुळे.

शेवटी पाणी आटवायचे. बाष्पनपात्र अर्ध्याहून जास्त भरू नये. पाणी निम्मे होईपर्यंत आच मोठी चालते, मग ती कमी करावी, आणि लगदा दिसू लागला की बर्नर काढून उकळत्या पाण्याच्या वाफेवर पात्र ठेवावे. असे न केल्यास मिठाचे गरम कण तडतडत बाहेर उडतात. डोळ्यांना चष्मा हवा तो मुख्यतः याच टप्प्यावर.

मग वजन करा. वाळू ९.७ ग्रॅम, लोह ४.९, मीठ ९.५ असे आकडे आले तर काम चांगले झाले. मीठ १०.६ ग्रॅम आले तर टाळ्या वाजवू नका: ते ओले आहे किंवा त्यात बारीक वाळू उतरली आहे. पुन्हा वाळवून पुन्हा वजन करावे, आणि दोन वजने सारखी येईपर्यंत थांबू नये. घातलेल्यापेक्षा जास्त मिळणे ही कमी मिळण्यापेक्षा वाईट चूक आहे, कारण कमी मिळाले तर काही सांडले असेल, जास्त मिळाले तर हातातला पदार्थच शुद्ध नाही.

गाळणीतून जे निसटते

गाळणकागदाची छिद्रे साधारण काही मायक्रोमीटरपासून पंचवीसेक मायक्रोमीटरपर्यंत असतात. मायक्रोमीटर म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. विरघळलेल्या मिठाचे आयन (प्रभार असलेले अतिसूक्ष्म कण) त्याहून हजारो पटींनी लहान, त्यामुळे मीठ गाळून कधीच निघणार नाही. मधल्या आकाराचे कण खरी डोकेदुखी असतात: मायक्रोमीटरच्या हजाराव्या भागापासून एक मायक्रोमीटरपर्यंतचे. अशा मिश्रणाला कलिल म्हणतात. ते कागदातून आरपार जाते, दिवसभर ठेवले तरी बसत नाही, आणि तरीही गढूळ दिसते. त्यातून प्रकाशाचा झोत सोडला तर त्याची वाट बाजूने दिसते. खऱ्या द्रावणात ती दिसत नाही. ओळखायची ही सर्वात सोपी चाचणी.

चिकणमातीचे बारीक कण पाण्यात असेच लोंबकळत राहतात. प्रत्येक कणावर ऋण प्रभार असतो आणि सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात, त्यामुळे कण जवळ येऊन मोठे होत नाहीत. तुरटी इथेच कामाला येते. तिच्यातल्या ॲल्युमिनियमचे धन आयन हा प्रभार मोडतात, आणि पाण्यात तयार होणारा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा मऊ साका कणांना गुंडाळून खाली नेतो. जलशुद्धीकरण केंद्रात आधी तुरटी किंवा तत्सम क्षार, मग संथ ढवळणे, मग निवळणे, आणि मगच वाळूची गाळणी असा क्रम असतो. संथ ढवळणे महत्त्वाचे: जोरात घुसळले तर जमलेले झुपके फुटतात.

नदीच्या मुखाशी हेच घडते, तुरटीशिवाय. डोंगरातून निघालेली नदी आधी मोठे धोंडे टाकते, वेग कमी होत गेला की गोटे, मग वाळू. चिकणमाती मात्र शेवटपर्यंत वाहत येते. समुद्राचे खारे पाणी भेटले की त्यातल्या सोडियम, मॅग्नेशियमच्या आयनांमुळे मातीच्या कणांचे एकमेकांना ढकलणे थांबते, कण जुळतात आणि बसतात. खाड्यांमधला चिखल असा जमतो, आणि त्या चिखलावर खारफुटी, खेकडे, शिंपले आणि त्यांवर जगणारे पक्षी असे अख्खे परिसंस्थेचे जाळे उभे राहते.

कलिलाला दुसरा उपाय अपकेंद्री यंत्राचा. जे गुरुत्वाकर्षणाला दिवसभरात जमत नाही ते जोरात फिरवून मिनिटांत होते. रक्तातल्या पेशी आणि द्रव असेच वेगळे करतात. एकच पथ्य आहे: समोरासमोरच्या नळ्यांचे वजन सारखे हवे. एक भरलेली आणि समोर रिकामी जागा असे ठेवले तर यंत्र थरथरत टेबलावरून चालू लागते.

आटवणे आणि स्फटिक करणे

पाणी आटवले की त्यात विरघळलेले सगळेच मागे उरते, घाणीसकट. म्हणून दोन क्षार एकत्र असतील तर आटवून उपयोग नाही. इथे विद्राव्यतेतला फरक वापरायचा, आणि तोही तापमानाबरोबर बदलणारा.

सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आणि मीठ यांची तुलना पाहा. १०० मिलीलीटर पाण्यात २० अंशांना सुमारे ३२ ग्रॅम सोरा विरघळतो, ८० अंशांना जवळपास १६९ ग्रॅम. मीठ २० अंशांना ३६ ग्रॅम आणि ८० अंशांना ३८. सोऱ्याचा आलेख उभा चढतो, मिठाचा जवळजवळ आडवा. आता ५० ग्रॅम सोऱ्यात ५ ग्रॅम मीठ मिसळले आहे असे धरा. ५० मिलीलीटर पाण्यात ८० अंशांना दोन्ही आरामात विरघळतात. द्रावण २० अंशांपर्यंत थंड केले की त्यात फक्त १६ ग्रॅमच्या आसपास सोरा मावतो, उरलेला ३४ ग्रॅम स्फटिक होऊन खाली येतो. मीठ ५ ग्रॅमच आहे आणि जागा १८ ग्रॅमची, म्हणून ते द्रावणातच राहते. बर्फात ठेवून शून्य अंशापर्यंत नेले तर सोरा ४३ ग्रॅमपर्यंत मिळतो.

न विरघळणारा कचरा असेल तर द्रावण गरम असतानाच गाळावे, आणि नरसाळेही गरम असावे, नाहीतर स्फटिक कागदातच बसतात. थंड करताना घाई करू नये. झटकन थंड केले तर बारीक स्फटिक होतात आणि प्रत्येकाच्या भेगांत मीठाचे पाणी अडकते. सावकाश थंड केले तर मोठे, स्वच्छ स्फटिक येतात. स्फटिक धरतच नसतील तर काचेच्या कांडीने पात्राच्या आतल्या भिंतीला घासावे किंवा शुद्ध सोऱ्याचा एक कण टाकावा. धुवायला बर्फासारखे गार पाणी, तेही अगदी थोडे. कोमट पाण्याने धुतले तर मिळवलेला माल पुन्हा वाहून जातो. सोरा जळणाऱ्या पदार्थांना ऑक्सिजन पुरवतो, म्हणून वाळत घातलेले स्फटिक ज्योतीपासून, गंधकापासून आणि कोळशापासून लांब ठेवावेत.

एकदा करून फरक पुरेसा पडत नसेल तर हेच पुन्हा पुन्हा करायचे. मेरी क्युरी यांनी रेडियम असेच वेगळे काढले. रेडियम क्लोराइड आणि बेरियम क्लोराइड यांच्यात फरक अगदी थोडा, पण रेडियमचा क्षार किंचित कमी विरघळतो, म्हणून आधी पडणाऱ्या स्फटिकांत त्याचे प्रमाण वाढते. ते स्फटिक पुन्हा विरघळवायचे, पुन्हा पाडायचे. काही टन खनिजाच्या चोथ्यापासून सुरुवात करून १९०२ मध्ये हाती आले ते सुमारे ०.१ ग्रॅम रेडियम क्लोराइड.

नवसागर आणि एक गैरसमज

संप्लवन, म्हणजे घनाने द्रव न होता थेट वायू होणे, म्हटले की शालेय पुस्तकात नवसागर येतो: मिठात नवसागर मिसळायचा, बाष्पनपात्रात तापवायचा, वर उलटे नरसाळे, नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा. नवसागर वाफ होऊन नरसाळ्याच्या थंड भिंतीवर पांढरा जमतो आणि मीठ खाली राहते. कृती अगदी बरोबर आहे, पण नाव तितकेसे नाही. नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, तापवल्यावर अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड या दोन वायूंत फुटतो आणि थंड जागी ते दोन पुन्हा जुळून नवसागर होतो. म्हणजे तो जाताना रासायनिक बदलाने जातो आणि येतानाही रासायनिक बदलाने येतो. सरळ घनातून वायूत जाणारे उदाहरण हवे असेल तर आयोडीन घ्यावे. त्याची जांभळी वाफ होते, पण रेणू आयोडीनचाच राहतो.

यावरून ‘उलट करता येतो तो भौतिक बदल’ हा पाठ केलेला नियम किती लंगडा आहे ते कळते. निळा मोरचूद तापवला की पांढरा होतो, कारण त्याच्या वजनातले सुमारे ३६ टक्के स्फटिकजल निघून जाते. पाण्याचे थेंब टाकले की पुन्हा निळा. परत फिरवता येतो, तरी रसायनशास्त्रज्ञ याला रासायनिक बदलच म्हणतात. उलट काच फुटणे परत फिरवता येत नाही, पण काच काचच राहते. विचारायचा प्रश्न एकच: नवा पदार्थ झाला का?

बाकीच्या खुणा मदत करतात आणि तितक्याच फसवतात. बुडबुडे आले म्हणजे रासायनिक बदल? सोड्याची बाटली उघडली की बुडबुडे येतात, ते आधीच विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचे. उष्णता निघाली म्हणजे? खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर टाकले तर मिश्रण थंड होते, तरी तिथे नवे पदार्थ होतात. ‘विरघळले’ हा शब्द तर फारच फसवा आहे. मीठ पाण्यात विरघळले, आटवले, मीठ परत मिळाले. जस्ताचा तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ‘विरघळला’, आटवले, तर उरते ते झिंक क्लोराइड. जस्त परत येत नाही. निळ्या मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा अर्धा तास ठेवला की त्यावर तांबूस थर चढतो आणि निळा रंग फिकट होतो. तिथे लोहाने तांब्याची जागा घेतली. तो थर खरवडून तांबे मिळवता येते, पण जेवढे तांबे बाहेर आले त्या प्रमाणात लोह द्रावणात गेलेले असते.

वजन हीदेखील चांगली साक्षीदार आहे. बारीक पोलादी लोकरीचा पुंजका तराजूवर ठेवून पेटवला तर वजन घटत नाही, वाढते, कारण लोहाने हवेतला ऑक्सिजन धरला. पदार्थ नुसता मिसळला असता तर वजन कुठून वाढले असते?

द्रवातून द्रव

तेल आणि पाणी यांच्यासाठी विभाजी नरसाळे. ते दोन तृतीयांशच भरावे. हलवल्यावर उलटे धरून तोटी क्षणभर उघडावी, आत वाफेचा दाब साठतो. मग दहा मिनिटे शांत ठेवावे. खालचा थर सोडण्याआधी वरचे बूच काढायला बरेच जण विसरतात आणि धार मध्येच थांबली की तोटी बिघडली असे समजतात. मधला पाचसहा थेंबांचा पट्टा वेगळ्या पात्रात घ्यावा आणि वरचा थर वरच्या तोंडातूनच ओतावा, तोटीतून नव्हे. पाणी खालीच असते असेही नाही. क्लोरोफॉर्म पाण्यापेक्षा दीडपट जड असल्याने खाली बसते. शंका आली तर वरून पाण्याचा थेंब सोडावा आणि तो कुठल्या थरात मिसळतो ते पाहावे.

एकमेकांत मिसळणाऱ्या द्रवांना ऊर्ध्वपातन, म्हणजे उकळून वाफ करायची आणि ती थंड करून वेगळी गोळा करायची. ॲसिटोन ५६ अंशांना उकळते, पाणी १०० अंशांना, फरक भरपूर, साधी मांडणी पुरते. उत्कलनबिंदूंत २५ अंशांपेक्षा कमी फरक असेल तर प्रभाजी स्तंभ लागतो, ज्यात वाफ वर जाताना पुन्हा पुन्हा थंड होते आणि उकळते. तापमापीचा फुगा द्रवात नको, वाफ बाजूच्या नळीत वळते त्या पातळीवर हवा. वाफ थंड करणाऱ्या शीतनळीत पाणी खालून आत आणि वरून बाहेर, नाहीतर नळी पूर्ण भरत नाही. फुटक्या चिनी मातीचे तुकडे तापवण्याआधीच टाकावेत. तापलेल्या द्रवात टाकले तर तो एकदम उसळतो. ॲसिटोन आणि अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने उघड्या ज्योतीऐवजी गरम पाण्याची बैठक वापरावी.

ऊर्ध्वपातनालाही मर्यादा आहे. अल्कोहोल आणि पाणी कितीही चांगल्या स्तंभातून नेले तरी वजनाने सुमारे ९५.६ टक्के अल्कोहोलवर गाडी अडते. त्या प्रमाणात वाफेची आणि द्रवाची घडण एकसारखी होते, म्हणजे उकळण्याच्या बाबतीत दोघांत फरकच उरत नाही. पुढचे पाणी काढायला चुनकळीसारखा पाणी शोषणारा पदार्थ लागतो, म्हणजे वेगळा फरक शोधावा लागतो.

रंगांचे मिश्रण अगदी कमी असेल तर क्रोमॅटोग्राफी. १२ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद गाळणकागदाची पट्टी घ्यावी. तळापासून २ सेंटिमीटरवर पेन्सिलने रेघ मारावी, पेनने नव्हे, कारण पेनची शाईही वर चढेल. रेघेवर शाईचा २ मिलीमीटरचा ठिपका, वाळवून त्याच जागी तीनचारदा. पट्टी १ सेंटिमीटर खोल पाण्यात उभी टांगून वर झाकण ठेवावे. ठिपका पाण्यात बुडाला तर सगळी शाई खालीच धुऊन जाते. पाणी वरच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर राहिले की पट्टी काढून लगेच पाण्याची सीमा आखावी, वाळल्यावर ती दिसत नाही. रेघेपासून पाणी ८ सेंटिमीटर आणि निळा रंग ६ सेंटिमीटर चढला असेल तर गुणोत्तर ०.७५. तोच कागद आणि तोच द्रावक असेल तर त्या रंगाचे गुणोत्तर जवळपास तेच येते, आणि त्यावरून रंग ओळखता येतो. ज्या रंगाला पाणी जास्त आवडते तो पुढे जातो, ज्याला कागद धरून ठेवतो तो मागे राहतो. कायम टिकणारी शाई पाण्याने हलणारच नाही, तिला अल्कोहोल लागते. ही पद्धत रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खडूच्या पुडीने भरलेल्या नळीत पानांतली रंगद्रव्ये वेगळी करताना काढली. गंमत म्हणजे रशियन भाषेत त्स्वेत या शब्दाचा अर्थच ‘रंग’.

हवेतला उरलेला बुडबुडा

हवा हेही मिश्रण: सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन. १७८५ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिशने हवेत विजेच्या ठिणग्या पाडून नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडून टाकला, उरलेला ऑक्सिजनही शोषून घेतला, तरी एक छोटा बुडबुडा शिल्लक राहिला. नायट्रोजनच्या १२०व्या भागाहून मोठा नव्हता. पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ कोणी त्याचा पाठपुरावा केला नाही.

मग इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेने नायट्रोजनची घनता मोजली. हवेतून मिळवलेला नायट्रोजन लिटरला १.२५७ ग्रॅम भरत होता, संयुगांपासून बनवलेला १.२५१ ग्रॅमच्या जवळपास. फरक अर्ध्या टक्क्याचा, पण मोजणी काटेकोर असल्याने तो चूक म्हणून सोडून देता येत नव्हता. संयुगातून आलेला नायट्रोजन शुद्ध असेल तर हवेतला नायट्रोजन मिश्रण असलाच पाहिजे. १८९४ मध्ये रॅले आणि रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी यांनी त्यातला जड भाग वेगळा केला, तो कशाशीच संयोग पावत नव्हता. त्याला त्यांनी आळशी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आरगॉन नाव दिले.

आज हवा द्रवरूप करून उंच स्तंभात तिचे ऊर्ध्वपातन करतात. नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो, ऑक्सिजन उणे १८३ अंशांना, आणि आरगॉन दोघांच्या मध्ये, उणे १८६ अंशांना. ऑक्सिजन आणि आरगॉन यांच्यात जेमतेम ३ अंशांचा फरक असल्याने त्या दोघांना वेगळे करायला स्वतंत्र, लांबलचक स्तंभ उभारावा लागतो.